ओल्या पोत्याचा आवाज

राखेचा बुधवार जवळ आला की आमच्या मिशनगल्लीत आधी वास येतो. मागच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमधून घरी नेलेली शिंदीची पानं वर्षभर दाराच्या चौकटीला खोचलेली असतात. उन्हानं आणि चुलीच्या धुरानं ती पिवळी पडतात, मग तपकिरी. बुधवारच्या आधी बायका ती काढून चर्चच्या अंगणात आणून टाकतात आणि फादर एका लोखंडी घमेल्यात त्यांना काडी लावतात. शिंदी शांतपणे जळत नाही. तडतडते, ठिणग्या उडवते. पान मुठीसारखं आवळत जातं आणि मग त्या मुठीचा भुगा होतो. तीच राख दुसऱ्या दिवशी आमच्या कपाळांवर लागते आणि ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. यंदा घमेलं मी धरलं होतं. एक ठिणगी मनगटावर बसली. मी हात काढला नाही. एवढं तरी सोसावं, असं वाटलं. माझ्यासारख्या माणसांना स्वस्तातलं प्रायश्चित्त फार आवडतं.

आमच्या बीड जिल्ह्यात हा ऋतू तसाही मारका. सिरसाळ्याकडून परळीला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळावर पळस पेटलेला असतो. झाडाला पान नाही, नुसता लालभडक भडका. ऊस तोडायला गेलेल्या टोळ्या याच सुमाराला परतू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, लेकरं आणि सगळ्यांत वर चिंध्यांत गुंडाळलेले कोयते. हिवाळाभर उसाच्या बुडख्यावर चाललेले हात एकाएकी रिकामे होतात, आणि रिकामा हात आमच्याकडं फार काळ रिकामा राहत नाही. दारूच्या दुकानापुढं डोकी फुटतात. बांधावरून कुऱ्हाडी निघतात. टँकरच्या नळीपाशी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. त्यातच होळी येते. गावातली पोरं पेटल्या होळीभोवती तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकतात, आणि भिंतीच्या अलीकडं आम्ही क्रुसापुढं गुडघे टेकून येशूच्या दुःखसहनाची गाणी म्हणत असतो. पलीकडं बोंब, अलीकडं विलाप. लहानपणी मला हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखे वाटायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. वडील मिशनचे धर्मशिक्षक होते. सायकलवर खेडोपाडी जाऊन प्रार्थना शिकवायचे आणि घरी येऊन आम्हाला पट्ट्यानं सोलायचे. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेनं करत. त्यांचा आवाज माझ्यात उतरला आणि हातही. शाळेत छडी बंद झाली तेव्हा बाकीच्या मास्तरांसारखा मी कुरकुरलो नाही, पण फळ्याकडं तोंड केल्यावर मागं कुणी हसलं की उजव्या हाताची बोटं आपोआप वळतात. अजूनही वळतात. हे मी पापनिवेदनाच्या वेळी दर वर्षी सांगतो. दर वर्षी क्षमा मिळते आणि बोटं पुन्हा वळतात.

राख लागून मिस्साची उपासना संपल्यावर आमचे नवे फादर माझ्यापाशी आले. तरुण आहेत, बदलून आल्याला वर्षही झालेलं नाही. "मास्तर, लोक सांगतात की तुम्ही इथं उत्तम शुक्रवारी जिवंत क्रुसाची वाट बसवायचात. फार सुंदर व्हायची म्हणे. यंदा पुन्हा करूया का?"

मी म्हणालो, "बघू."

तेव्हापासून मला तो आवाज पुन्हा ऐकू यायला लागला आहे.

उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, आणि त्या दिवशीची जिवंत क्रुसाची वाट म्हणजे आमच्या गल्लीचा सगळ्यांत मोठा सोहळा होता. चर्चच्या अंगणात येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताचा दरबार. तिथून येशूच्या खांद्यावर बाभळीच्या ओंडक्यांचा क्रूस चढायचा आणि मिरवणूक माळावरच्या टेकडीकडं निघायची. वाटेत चुन्यानं रंगवलेले दगड, एकेक दगड म्हणजे दुःखसहनाचं एकेक स्थान. इथं पडला, इथं आई भेटली, इथं यरुशलेमच्या बायका त्याच्यासाठी रडल्या. माणसं सगळी आमचीच. बघायला मात्र आसपासची गावं लोटायची. फेटेवाले शेतकरी, नारायणगडाच्या जत्रेला जाणारी माणसं इथंही तितक्याच भक्तीनं यायची आणि आमच्या येशूला लांबून हात जोडायची.

सगळं मी बसवायचो. संवाद माझे, तालीम माझी, आणि चाबूक धरणारा रोमी शिपाईही मीच. चाबूक अंबाडीचा, मोकळ्या पेडांचा, गेरूच्या पाण्यात बुडवलेला. अंगावर बसला तर लाल रेघ उठायची, पण लागायचं नाही. लागायचं नाही म्हणून आवाजही व्हायचा नाही. लेकरं हसायची. फटक्याला आवाज नसेल तर दुःखसहनाची करमणूक होते. मग मला युक्ती सुचली. गोणपाटाचं पोतं दुपारपासून पाण्यात भिजत घालायचं, आणि मी चाबूक उगारला की पडद्यामागून एकानं त्या ओल्या पोत्यावर वेळूची काठी हाणायची. असा आवाज यायचा की पहिल्या तालमीला मी स्वतः दचकलो. ओलं, जड, मांसावर पडल्यासारखं. बायकांनी कानांत बोटं घातली. मला एवढा आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा ते करायला लावलं. हळूहळू सगळ्या गल्लीला तो आवाज सवयीचा झाला. संध्याकाळी धप्प-धप्प सुरू झालं की चुलीपुढच्या बाया म्हणायच्या, "लागलं बाई मास्तराचं पोतं."

माझ्या डोळ्यांपुढं आहे तो प्रायश्चित्तकाळ काही वर्षांमागचा. त्या साली ऊस कमी होता, टोळ्या लवकर परतल्या. माझी धाकटी बहीण मार्था आणि तिचा नवरा दावीद हेही आले. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम दोघांना एकच धरतो. हे दोघं एक कोयता होऊन गेले होते आणि तसेच परत आले. दावीदचे केस मानेवर आलेले, दाढी वाढलेली, गाल बसलेले, डोळे मोठे. ट्रॉलीतून उतरताना त्याला बघून सालोमीमावशी म्हणाल्या, "अगं बया, येशूच उतरला की." सालोमीमावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या भजनाच्या म्होरक्या. त्यांनी म्हटलं म्हणजे ठरलंच. दोन वर्षं दावीदच येशू होत होता, तिसऱ्या वर्षीही झाला.

मार्था यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकांत होती. तिचा गळा चांगला, म्हणून मी तिला पुढं उभं केलं. पण तिला रडता येईना. बारीक, घशातल्या घशात काहीतरी करायची. मी चारचौघींत बोललो.

"मार्था, हे काय रडणं हाय? मांजर बरं वरडतं."

बायका हसल्या. तीही हसली. "दादा, दिवसभर ज्वारी काढून आले. रडायचा बी जीव न्हाई."

"पोटातून काढ. तुझ्या डोळ्यांदेखत माणूस सोलायलेत, आन् तू अशी रडतीस? खरं वाटलं पायजे."

"खरं वाटंल दादा, खरं वाटंल," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुन्हा हसली. तिचं हसणं आमच्या आईसारखं होतं, थांबवता न येणारं. त्याच हसण्यानं पुढं सगळं झालं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. उन्हं कललेली, अंगण अजून तापलेलं. तालमीला सगळ्या बायका आल्या होत्या, मार्था आली नव्हती. दावीदही आला नव्हता. आम्ही वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून, दावीदच्या घराच्या बाजूनं आवाज आला. धप्प. मग पुन्हा. ओला, जड आवाज. आणि त्यापाठोपाठ मार्थाचा गळा. असा आवाज मी तिच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. पोटातून आलेला, मधेच फाटणारा, पुन्हा वर चढणारा.

सालोमीमावशी म्हणाल्या, "मास्तर, मार्था घरीच तालीम करायलीय जणू."

"करू द्या," मी म्हणालो. "आखेर गळा फुटला म्हणायचा."

बायका खुदखुदल्या. कुणीतरी म्हणालं, "काय रडतीय बाई, काटा आला अंगावर." आम्ही बसून ऐकत राहिलो. मी मान हलवत होतो. गाण्याला दाद देतात तशी. हे मला विसरायचं आहे आणि विसरता येत नाही, माझी मान हलत होती.

माझी बायको रूथ मार्थाला हाक मारायला म्हणून उठली. गेली तशी धावत परत आली. तिच्या हाताला रक्त होतं. दार लोटताना लागलं असेल असं मला वाटलं.

"अवो," ती म्हणाली, "ते पोतं न्हाई. ती हाय."

झालं होतं ते इतकंच. दावीद आरशापुढं उभा राहून येशूचं बोलणं पाठ करत होता. शत्रूंवर प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा. मार्था भाकरी थापत होती. तिला हसू आलं. म्हणाली, "एवढं येशू घरी बी व्हत जा की." त्यानं क्रुसाच्या तालमीसाठी आणलेलं बाभळीचं दांडकं उचललं.

रूथ आणि सालोमीमावशी तिला रिक्षात घालून परळीला घेऊन गेल्या. डाव्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला, आता त्या कानाला ऐकू यायचं नाही. मी दावीदच्या घरी पोचलो तेव्हा तो उंबऱ्यात बसला होता. मला बघून पायांवर पडला. "मास्तर, माझ्यात सैतान आलता. मला मारा." मी लाथ उगारली. गल्लीतल्या कारभाऱ्यांनी मला मागून कवळा घातला. "मास्तर, उद्यापासून पवित्र आठवडा हाय. हात आवरा."

मी हात आवरला. आणि मग आम्ही पुरुष चर्चच्या ओट्यावर बसून कशावर बोललो? येशू कोण होणार यावर. कार्यक्रम गावोगाव सांगून झाला होता. दुसऱ्या कुणाला संवाद येत नव्हते. दाढीही कुणाला नव्हती. एकजण म्हणाला, "त्यालाच करू द्या. क्रूस वाहायला लावा, त्येच त्येचं प्रायश्चित्त." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. धर्मातली एक गोष्ट अशी वाकवली की आमचा शुक्रवार वाचत होता, म्हणून पटलं.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, आज्ञा गुरुवारी, त्या वेळच्या म्हाताऱ्या फादरांनी येशूनं शिष्यांचे धुतले तसे बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दावीद होता. उसाच्या पात्यांनी चिरलेली त्याची पावलं फादरांनी पितळेच्या परातीत धरली, पाणी ओतलं, पुसली, आणि वाकून त्यांचं चुंबन घेतलं. दावीद हुंदके देत होता. घंटा त्या गुरुवारपासून मुक्या होतात. घंटेऐवजी लाकडाची फळी वाजवतात, खट्-खट्, खट्-खट्. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मांडीवर अंबाडीचा चाबूक होता, दुरुस्तीला म्हणून आणलेला. फादर पाय धूत होते तेव्हा मी त्याच्या एकेका पेडाला गाठ मारत होतो. गाठ ओढून घट्ट करायची, मग दुसरी. देवाच्या घरात बसून, भजन म्हणत.

शुक्रवारी मी ते पोतं आणूच दिलं नाही. पडद्यामागच्या माणसाला म्हणालो, "आज नको. आज लोकांतच बस."

दावीद खांबाला बांधला होता. पहिला फटका पडला आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. मी दुसरा मारला. गाठी मांसात बसतात आणि निघताना कातडी घेऊन निघतात, हे माझ्या हाताला कळत होतं. दांड्यातून मनगटात येत होतं. आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटत होतं. आयुष्यात क्वचितच एवढं बरं वाटलं असेल. पाठीवर गेरू नव्हता, रक्त होतं. तो ओरडला नाही. ओठ दाबून उभा राहिला. एकदा फक्त हळूच म्हणाला, "मारा मास्तर." टेकडीच्या वाटेवरही मी मारत गेलो. तो पडायच्या ठिकाणी पडत होता, जिथं पडायचं नव्हतं तिथंही पडत होता.

लोक रडायला लागले. आधी बायका, मग पुरुष. बाहेरगावचा एक म्हातारा शेतकरी फेटा काढून रस्त्यात आडवा झाला. "पुरं करा हो, लेकरू मरंल!" सालोमीमावशींनी मला मुडद्या म्हणून शिवी घातली आणि मूठभर माती माझ्या तोंडावर फेकली. लोकांना वाटलं तेही नाटकातलंच. इतकी जिवंत क्रुसाची वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती. लोक पुढं येऊन दावीदच्या पायांखालची माती कपाळाला लावत होते.

आठव्या स्थानापाशी रडणाऱ्या बायका उभ्या होत्या. मार्था पुढंच होती, कानावरून डोक्याला फडकं बांधलेलं, अर्धा चेहरा सुजलेला. मी तिला येऊ नको म्हणालो होतो. ती आली. येशू म्हणतो, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या लेकरांसाठी रडा. दावीदनं ते म्हटलं. सगळ्या बायका हंबरडा फोडून रडल्या. मार्था रडली नाही. ती माझ्याकडं बघत होती. दावीदकडं नव्हे.

संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो. काय अपेक्षा होती माझी? तिला बरं वाटलं असेल, भावानं सूड घेतला, असंच काहीतरी. ती भिंतीला टेकून बसली होती. आतून दावीदच्या पाठीला हळद लावणाऱ्या बायकांचे चुकचुकाट ऐकू येत होते.

"लई मारलंत दादा," ती म्हणाली.

"मग? सोडायचा व्हता?"

तिनं चांगला कान माझ्याकडं केला, मग बोलली. "तुमी त्याला मारलं तवा सगळी गावं त्याच्यासाठी रडली. त्यानं मला मारलं तवा तुमी म्हणलात, गळा फुटला."

कुणीतरी तिला सांगितलं होतं. गल्लीत असं काही लपत नाही.

ईस्टर झाला. घंटा पुन्हा वाजल्या. दावीद आता गल्लीत वेगळाच माणूस होता. ज्याच्या पायांची माती लोकांनी कपाळाला लावली, त्याला कोण काय बोलणार? माझ्या चाबकानं त्याचं सगळं धुऊन निघालं होतं. रूथनं मार्थाला आमच्याकडं आणून ठेवलं होतं. कारभारी माझ्या घरी आले आणि मार्थानं नांदायला जावं म्हणाले. रूथ दारात आडवी उभी राहिली. मी रूथला बाजूला केलं. मार्थाला क्षमेवर बोललो. माझा आवाज चांगला आहे, मी क्षमेवर चांगलं बोलतो. ती ऐकून घेत होती, एका कानानं. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर जाते." पुढच्या हंगामाला ती पुन्हा अर्धा कोयता होऊन ट्रॉलीत बसली.

त्या वर्षानंतर मी जिवंत क्रुसाची वाट बसवली नाही. विचारणाऱ्यांना सांगायचो, घसा गेला. म्हाताऱ्या फादरांपुढं मी पापनिवेदन केलं होतं. दावीदला मारल्याचं. ते सांगायला सोपं होतं, खरं म्हणजे त्यात थोडी ऐटही होती. रागीट पुरुषाचं पाप पुरुषाला शोभून दिसतं. फादरांनी क्षमा दिली, जपमाळ करायला सांगितली.

दुसरं मी कुणालाच सांगितलं नाही.

यंदा टोळ्या परतल्या त्या दिवशी मार्था तिच्या घरी गेलीच नाही. ट्रॉलीतून उतरून थेट आमच्या दारात आली. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात चिंधीत गुंडाळलेला कोयता. दंडावर जुनं-नवं मिळून निळं-पिवळं झालेलं. रूथनं काही न विचारता पाणी आणलं.

"मुकादमाला सांगून आले," मार्था म्हणाली. "म्हणलं, ह्यो कोयता मोडला. पुढल्या साली आमची जोडी धरू नका." आणि हसली. ते हसणं अजून तसंच आहे.

मग तिनं विचारलं, "दादा, मी आता जाणार न्हाई. तुमचं काय म्हणणं हाय?"

मी म्हणालो, "राहा की. तुझंच घर हाय."

"राहा न्हाई. लोकं येतील. तवा काय म्हणाल?"

मी तिचं बोचकं आत नेऊन ठेवलं. रूथ माझ्याकडं बघत होती.

लोक आले. तेच कारभारी, केस पांढरे झालेले. "मास्तर, प्रायश्चित्ताचे दिस हायेत. मन मोठं करा. दावीद सुधरलाय, दारू सोडलीय." मी चहा पाजून परत पाठवलं. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मार्था मोरीपाशी भांडी घासत होती, चांगला कान आमच्याकडं करून.

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी टेकडीवर क्रुसाची वाट होती. नाटक नाही, नुसती प्रार्थना. फादर पुढं क्रूस घेऊन, मी पुस्तिका वाचतो, लोक मागं म्हणतात. वारं सुटलं होतं, धुळीनं डोळे चुरचुरत होते. मार्था माझ्या उजव्या हाताला चालत होती. तिचा मेलेला कान माझ्या बाजूला. आठव्या स्थानाच्या दगडापाशी पोचलो तर दावीद तिथं आधीच उभा. पांढरा सदरा, विंचरलेले केस, मागं कारभारी. त्यानं सगळ्यांसमोर हात जोडले.

"मास्तर, सगळ्यांपुढं माफी मागतो. पाठवा तिला. येशूनं आपल्याला माफ केलं न्हाई का?"

लोकांनी माझ्याकडं पाहिलं. कुणीतरी कौतुकानं चुकचुकलं. फादर क्रूस घेऊन थांबले होते. माझ्या उजव्या हाताची बोटं वळली. पुस्तिका चुरगळली. एकच ठोसा, नाकावर, आणि पुन्हा सगळे त्याच्यासाठी रडतील, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

तालमीच्या त्या संध्याकाळची एक गोष्ट मी अजून इथं लिहिलेली नाही. भिंतीपलीकडून पहिला आवाज आला तेव्हा ते पोतं माझ्या पायाशी होतं. बादलीत भिजत. माझ्या चपलेला त्याचं पाणी लागत होतं. गल्लीत दुसरं भिजवलेलं पोतं नव्हतं. आवाज आला, मी पोत्याकडं पाहिलं, मला कळलं, आणि मग मी म्हणालो, करू द्या, आखेर गळा फुटला. मधे उठावं लागू नये म्हणून म्हणालो. बहिणीच्या घरात शिरून नवऱ्याचा हात धरणं अवघड असतं. तालीम ऐकणं सोपं असतं.

तेच मी बोललो. "ती येणार न्हाई, दावीद. आन् त्या दिवशी आमी समदे फसलो असं म्हणतात, ते खोटं हाय. पोतं माझ्या पायाशी व्हतं. मला कळलं व्हतं. मी उठलो न्हाई."

एरवी अख्ख्या माळावर पोचणारा माझा आवाज पुढच्या रांगेच्या पलीकडं गेला नसेल. पण दावीदनं ऐकलं. त्याचे जोडलेले हात खाली आले. सालोमीमावशी माझ्या मागंच होत्या. त्यांनी दगडाकडं बघत म्हटलं, "मी बी बघितलं व्हतं ते पोतं." त्यापुढं कुणी चुकचुकलं नाही.

मार्था माझ्याकडं वळली. "काय म्हणलात दादा? वाऱ्यानं कळलं न्हाई. ह्या कानाला काय येत न्हाई, हिकडून सांगा."

मला वाटलं होतं, सांगून झालं. झालं नव्हतं. मी पुस्तिका मिटली, तिला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेलो, वाकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पोतं, बादली, चपलेला लागलेलं पाणी. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा फार अवघड होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "दुपारी मीच तर भिजवून ठेवलंतं तुमच्या खुर्चीपाशी. मार खाताना तेच ध्यानात येत व्हतं. म्हणलं, पोतं दादापाशी हाय. दादाला कळंल. येईल दादा."

वारं पुस्तिकेची पानं उलटवत होतं. दावीद कधी निघून गेला ते मी पाहिलं नाही. मार्थानं पदरानं डोळ्यांतली धूळ पुसली आणि माझ्या हातातली पुस्तिका सरळ केली.

"वाचा आता," ती म्हणाली. "लोकं थांबलीत."

नववं स्थान चढावर आहे. तिथं येशू तिसऱ्यांदा पडतो. फादरांनी क्रूस उचलला आणि आम्ही चढायला लागलो. मी तिच्या उजव्या बाजूनं चाललो.